'ऑल-सीझन' नावाची थाप

मला 'ऑल-सीझन' या शब्दाचा राग आहे. शब्द टायरवाल्यांचा आहे, राग फक्त टायरवाल्यांवर नाही.

मी मूळची चिपळूणची. वय अठ्ठावीस, सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॅनडात, टोरॉंटोपासून साधारण शंभर किलोमीटरवर, किचनर-वॉटरलू या जुळ्या शहरांत राहते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथे आले तेव्हा एक सेकंडहँड गाडी घेतली. विकणाऱ्यानं टायरवर थाप मारून सांगितलं, "ऑल-सीझन आहेत, काळजीच नको." मी भोळेपणानं 'ऑल' म्हणजे 'सगळे' असा अर्थ घेतला. पहिल्या मोठ्या बर्फात सिग्नलला ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं (ते एबीएस, हे नंतर कळलं) आणि गाडी आपल्याच तंद्रीत सरकत चौकाच्या मध्यावर जाऊन थांबली. आडव्या रस्त्यानं कोणी येत नव्हतं, म्हणून हा लेख लिहिते आहे.

मेकॅनिकनं नंतर शिकवणी घेतली. तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्याला धरून राहत नाही. हिवाळी टायरचं रबर वेगळं असतं, थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. पण तेच टायर उन्हाळ्यात वापरले तर भराभर झिजतात. म्हणून दोन संच ठेवायचे, वर्षातून दोनदा बदलायचे. बर्फातल्या पकडीची चाचणी पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. बऱ्याच ऑल-सीझन टायरवर ते नसतंच, नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ते अक्षर नक्षीबद्दल बोलतं, पकडीची हमी देत नाही. इथले लोक ऑल-सीझनला 'थ्री-सीझन' म्हणतात. चौथा ऋतू तुमचा तुम्ही बघा.

आता माझं म्हणणं. ही थाप टायरपुरती राहिलेली नाही. बाराही महिने तीच सेवा, तोच भाव, तीच चव, तेवढ्याच मिनिटांत, बाहेर पाऊस असो, ऊन असो की बर्फ: आपल्या पिढीला विकलं जाणारं जवळजवळ सगळं ऑल-सीझन आहे. ऋतू मात्र रद्द झालेला नसतो. त्याचा खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ढकललेला असतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. मी स्वतः ढकलला, म्हणून कळलं.

शहराबाहेर पंधराएक किलोमीटरवर एका जुन्या कोठारात एक जोडपं कॉफी भाजतं. दोघंही पंचावन्नच्या पुढचे. तोंडावर मी त्यांना नावानंच हाक मारते, इथे तसंच चालतं. मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून काका-काकू आहेत, म्हणून इथेही तसंच म्हणते. शनिवारी मी तिथे जाते, पाकिटं भरते, लेबलं लावते, वेबसाइट सांभाळते. पैसे घेत नाही, कॉफी घेते.

कॉफी भाजणं म्हणजे एकदा सेट केलं की झालं, असं मला वाटायचं. बिया ड्रममध्ये टाकायच्या, दहा-बारा मिनिटं, १९५-२०० अंशांच्या आसपास बिया तडतडायला लागतात, त्यानंतर किती थांबायचं ते ठरवायचं. मी काकूंना मोठ्या उत्साहानं म्हटलं, एक आदर्श आलेख ठरवू आणि दर वेळी तोच चालवू. त्यांनी दोन वह्या पुढे ठेवल्या. एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. जानेवारीत कोठारातलं पोतं पाच अंशांवर असतं. त्या थंडगार बिया तापलेल्या ड्रममध्ये पडल्या की ड्रमचं तापमान जुलैपेक्षा खाली कोसळतं आणि पुढचा सगळा आलेख बदलतो. बाहेर कडाक्याची थंडी असली की धुराडं जास्त ओढतं. हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की सालपटं विजेनं भारून बोटांना चिकटतात. म्हणून हिवाळ्यात पोती आदल्या रात्री आत आणायची, ड्रम जास्त वेळ तापवायचा, ज्योत वेगळी ठेवायची. आजी चकलीची भाजणी करताना जशी वासावर डाळ ओळखायची, तशाच काकू शेवटचा निर्णय नाकानं घेतात. म्हणजे 'तीच चव' हवी असेल तर दर ऋतूत वेगळं काम करावं लागतं. गिऱ्हाइकाला चव दिसते, दुसरी वही दिसत नाही.

त्यांच्याकडे एक पोतं मंगळूरहून येतं, मॉन्सून्ड मलबारचं. त्याची कथा मला काकूंनी सांगितली. शिडाच्या जहाजांनी कॉफी युरोपला जायला कित्येक महिने लागत. समुद्राच्या दमट हवेत बिया फुगायच्या, फिकट व्हायच्या, त्यांचा आंबटपणा उतरायचा, आणि तिकडच्या लोकांना ती चव आवडू लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी आल्या, प्रवास आटोपशीर झाला आणि चव गेली. मग आपल्या किनाऱ्यावर उघड्या गोदामांत, जून ते सप्टेंबर, पावसाळी वाऱ्यात बिया पसरून ती चव मुद्दाम आणू लागले. पावसाला धंद्यात भागीदार करून घेतलं. कोकणातली असून हे मला ऑन्टारियोत कळलं, याची थोडी लाज वाटली.

आता माझा गुन्हा. आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत मोठ्या ब्रँडची कॉफी यायची. मी मागे लागून ती बंद करवली आणि काका-काकूंकडून घ्यायला लावली. छोट्या व्यवसायाला आधार वगैरे, भाषणही केलं. सोबत एक स्क्रिप्ट लिहिली, पायथनच्या चाळीसएक ओळी. बुधवारी हजेरी पाहून ऑर्डर जायची. गुरुवारी डिलिव्हरी. अकरापर्यंत माल आल्याची नोंद झाली नाही की आपोआप आठवणीचा मेसेज. महिन्यात तीनदा उशीर झाला की पुरवठादाराच्या नावापुढे लाल खूण, म्हणजे कंत्राटाचा फेरविचार. मला त्या स्क्रिप्टचं फार कौतुक होतं. टीमला डेमोसुद्धा दिला होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत दक्षिण ऑन्टारियोत बर्फाचे मारे लागोपाठ आले. त्यातल्या एका गुरुवारी सकाळी पावणेसातला कंपनीची मेल आली: रस्ते धोकादायक आहेत, ऑफिस बंद, घरून काम करा, सुरक्षित राहा. शेवटी एक बदाम. मी रजई गुंडाळून लॅपटॉप उघडला. ती मेल सगळ्या कर्मचाऱ्यांना गेली होती. पुरवठादार त्या यादीत नव्हते.

काकांच्या नावावर त्या महिन्यात आधीच दोन उशीर जमा होते, दोन्ही बर्फामुळे. ते साडेनऊला व्हॅन घेऊन निघाले. ह्युरॉन सरोवरावरून थंड वारा आला की बर्फाचे अरुंद पट्टे तयार होतात. एका गावात ऊन असतं आणि पुढच्या वळणावर बॉनेट दिसत नाही. तशाच एका पट्ट्यात, शेतांमधल्या सरळ रस्त्यावर, व्हॅन घसरली आणि कडेच्या चरात आडवी झाली. काकांचं खांद्याजवळचं हाड मोडलं. मदत यायची वाट पाहत ते चरात बसले होते तेव्हा अकरा वाजले आणि त्यांच्या फोनवर मेसेज आला: 'आपली आजची डिलिव्हरी अद्याप पोचलेली नाही. कृपया लवकरात लवकर कळवा.'

तो मेसेज मी लिहिला होता. 'कृपया'सुद्धा माझंच. आणि बारा किलो कॉफी ज्या ऑफिसला चालली होती, तिथे त्या दिवशी एकही माणूस नव्हता.

व्हॅनचे टायर ऑल-सीझन होते. काकू नोव्हेंबरमध्येच हिवाळी टायर घेणार होत्या. चार टायर, चार रिम, हजार डॉलरच्या वर खर्च. पण त्याच सुमाराला कच्च्या कॉफीचा भाव भडकला. जगात सगळ्यात जास्त कॉफी ब्राझीलमध्ये पिकते, आणि २०२४ मध्ये तिथे भीषण दुष्काळ होता. डिसेंबरात अरेबिकाच्या वायदे बाजारानं १९७७ चा जुना उच्चांक मोडला आणि फेब्रुवारीत भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. (१९७७ चा उच्चांकही ऋतूचाच होता. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात पडलेल्या हिमानं कॉफीची झाडं जाळून टाकली, त्याचे ते पडसाद.) मोठ्या कंपन्या भाव कित्येक महिने आधी बांधून ठेवतात. बारा किलोच्या ऑर्डरीवर जगणारं दुकान तसं करू शकत नाही. पाकिटाची किंमत एका झटक्यात वाढवली तर गिऱ्हाईक पुन्हा सुपरमार्केटच्या फळीकडे जातं. म्हणून काकूंनी जिथे वाचवता येईल तिथे वाचवलं. टायर पुढच्या वर्षी घेऊ.

हिशोब मांडून पाहा. ब्राझीलमध्ये पाऊस पडला नाही, ऑन्टारियोत बर्फ पडला, आणि दोन्ही ऋतूंचं बिल एका माणसाच्या खांद्यावर फाटलं. पॅन्ट्रीतली माझी कॉफी आधीही फुकट होती, नंतरही फुकटच राहिली.

माझ्या लहानपणी चिपळूणला मे महिना आगोटीचा असायचा. पावसाआधीची बेगमी. घर शाकारायचं, लाकडं भरायची, कोकमं वाळवायची, फणसपोळी, सुकी मासळी, पापड. बाबांच्या किराणा दुकानातला खालच्या फळ्यांवरचा माल पोटमाळ्यावर चढायचा. जुलैत एखादी वस्तू मिळाली नाही तर आई "पावसाचे दिवस आहेत" एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा. त्या वाक्यात तक्रार नसायची.

मी जुने दिवस ओवाळायला बसलेले नाही. ती बेगमी घरातल्या बायकांच्या पाठीवर व्हायची आणि त्याचे कोणी पैसे मोजले नाहीत. शिवाय बेगमीलाही मर्यादा असते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी शिरलं तेव्हा बाबांचा पोटमाळाही बुडाला. त्याच आठवड्यात, २० जुलैला, ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांवर पुन्हा हिम पडलं होतं. काकूंना ती तारीख पाठ आहे, मला माझी. आम्ही दोघी एका शनिवारी पाकिटं भरता भरता हे बोललो आणि बराच वेळ गप्प झालो. ऋतू आता पूर्वीसारखे वागतही नाहीत. अशा वेळी तर ते जमेस धरायची गरज जास्त, आणि आपण ते वगळून गणितं मांडतो आहोत.

यावर मला नेहमी तीन उत्तरं मिळतात.

पहिलं: वादळाच्या दिवशी ऑर्डरी बंद केल्या तर त्या लोकांचं पोट कसं भरणार? हे उत्तर देणाऱ्याला त्यांच्या पोटाची आठवण फक्त स्वतःची ऑर्डर अडकते तेव्हाच येते, पण प्रश्न खरा आहे. ज्याची रोजची कमाई फेऱ्यांवर आहे, त्याला पुण्याच्या जुलैतल्या पावसात 'आज घरी बस' म्हणणं म्हणजे 'आज उपाशी बस' म्हणणं आहे. म्हणूनच न झालेल्या फेरीचे पैसे मिळाले पाहिजेत. वर्षातले काही दिवस काम होणार नाही हे आधीपासून माहीत असेल, तर तो खर्च बाकीच्या दिवसांच्या भावात धरायचा. शेतकऱ्यापासून कोळ्यापर्यंत सगळे असंच जगायचे. ॲपला हे गणित जड जायचं कारण नाही.

दुसरं: धोका आहे तर त्यांनी 'नाही' म्हणावं, कोणी बळजबरी केली? कोणीच नाही. फक्त दोन उशिरांची नोंद होती आणि तिसरीला लाल खूण. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर टायमर उलटा धावत असतो आणि खाली रेटिंग असतं. बळजबरीला आता माणूस लागत नाही. माझ्यासारखी कोणी तरी ती सहा महिने आधी, हीटरच्या उबेत बसून, चांगल्या हेतूनं लिहून ठेवते.

तिसरं: तू स्वतः यंत्रांच्या जोरावर बर्फाच्या देशात राहतेस, मग तंत्रज्ञानाला नावं कशाला ठेवतेस? ठेवत नाही. हिवाळी टायर हे तंत्रज्ञानच आहे. बर्फ काढणारे ट्रक, उणे चाळीसला न गोठणारं काच धुवायचं पाणी, हेही. ही सगळी यंत्रं ऋतू आहे असं धरून बनवली आहेत. रस्त्यावर टाकतात ते साधं मीठ उणे दहाच्या आसपास ढिलं पडायला लागतं, हे इथल्या नगरपालिकेला माहीत असतं आणि ती त्याप्रमाणे वागते. माझ्या स्क्रिप्टला फेब्रुवारी आणि जून यांतला फरक माहीत नव्हता. आणि हो, दवाखाने, दूध, औषधं चालूच राहिली पाहिजेत. त्यांच्यासाठी रस्ता मोकळा राहावा म्हणून तरी कॉफीनं त्या दिवशी घरी बसावं.

हे सगळं भाबडं वाटत असेल, तर ज्यांनी ऋतू कायद्यात लिहिला आहे त्यांच्याकडे पाहा. आमच्या शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिथे कॉफीवाला टायरवर पैसे वाचवू शकत नाही, आणि त्याचा स्पर्धकही वाचवू शकत नाही. दोघांच्याही भावात टायर आधीच आलेला असतो. ऑन्टारियोत सक्ती नाही. इथे हिवाळी टायर घेतले तर विमा कंपनीनं सवलत द्यावी एवढाच नियम, म्हणजे आधी पैसे असायला हवेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. आपल्या महाराष्ट्रात यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात हातात पैसा नसतो ही कोळ्यांची तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. पण जुलैत ताजी सुरमई मिळाली नाही म्हणून कोणी समुद्राला एक स्टार देत नाही. ऋतूसाठी थांबणं लोकांना जमतं. थांबलेल्याचे पैसे देणं तेवढं शिकायचं राहिलं आहे.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे कोड लिहिणारे बरेच असतील. त्यांच्याशी थोडं वेगळं बोलते. आपण दरवाजाआड बसून 'एज केस' म्हणतो ती बऱ्याचदा बाहेर कोणाचा तरी जुलै असते. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे सगळ्यांना खुले असतात. ते वाचायचे, लाल असेल त्या दिवशी टायमर बंद करायचा, उशिराची नोंद थांबवायची, ठरलेल्या फेरीचे पैसे द्यायचे. मी हे करून पाहिलं. अकरा ओळी लागल्या. तांत्रिक अडचण एकही आली नाही.

अडचण माणसांची होती. अपघातानंतर मी माझ्या मॅनेजरकडे गेले तेव्हा तो वाईट माणूस नसूनही पहिलं वाक्य असं म्हणाला की पुरवठादाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी पुरवठादाराची. लाल खुणा काढायला तो लगेच तयार झाला. रद्द झालेल्या फेरीचे पैसे द्यायला हिशोब विभाग पाच महिने तयार नव्हता. 'न आलेल्या मालाचं बिल' हे वाक्य त्यांना मान्य होत नव्हतं. शेवटी मी त्याला 'हिवाळी आकार' असं नाव दिलं, दर पाकिटामागे काही सेंट, वर्षभर. ते मंजूर झालं. तीन महिन्यांची रक्कम आगाऊही मिळाली आणि मागच्या नोव्हेंबरात व्हॅनला टायर बसले, डोंगर आणि हिमकणवाले. काकांचा खांदा थंडीत अजून दुखतो. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि ते मला बोल लावण्यापेक्षा जड जातं.

यंदाच्या जानेवारीत एका गुरुवारी पहाटे इशारा आला. स्क्रिप्टनं सहा वाजता काकांना मेसेज पाठवला: 'आज येऊ नका. फेरीचे पैसे जमा होतील.' त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

शुक्रवारी ऑफिस उघडलं आणि दहाच्या सुमारास स्लॅकवर कोणी तरी विचारलं, "पॅन्ट्रीतली कॉफी संपली का?"

मी लिहिलं, "हो. काल बर्फ होता."